बिनतारी संच आणि त्याचे दप्तर

मा. संचालक,
पोलीस बिनतारी संदेश विभाग,
महाराष्ट्र राज्य, पुणे, यांस



आपले मुख्यालय पुण्यास पाषाण मार्गावर आणि मी बारामतीचा रहिवासी. मोटारीने हे अंतर अडीच-तीन तासांचे असले, तरी बिनतारी लहरींच्या हिशेबाने ते बरेच अधिक आहे, आणि त्या दूरपणाविषयी चार शब्द आपल्या कानी घालावेत म्हणून ही कैफियत जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या खात्यात काय उणे आहे याची फेरिस्त देण्याचा मला अधिकार नाही व माझा तसा हेतूही नाही; जे मागणार आहे त्यातील काही आपण अगोदरच करीत असाल, तर पत्राचा तेवढा भाग धन्यवादाचा समजावा.

मावळ-मुळशीच्या मुलखाला निसर्गानेच डोंगरमाथे देऊन मनोऱ्यांची सोय करून ठेवली आहे. बारामती-इंदापूरचा प्रदेश मात्र सपाट, आणि पोलिसी संचांत वापरल्या जाणाऱ्या लहरी जवळजवळ दृष्टीच्या रेषेत चालणाऱ्या. त्यामुळे 30 मीटर उंचीच्या मनोऱ्याचे बिनतारी क्षितिज सुमारे 22 ते 23 किलोमीटर, हाती धरलेल्या वॉकीटॉकीचे जेमतेम 5, आणि बारामती ते इंदापूर हा रस्ता 50 किलोमीटरच्या घरातला. त्यात दोन पुरुष उंचीचा ओला ऊस दोन्ही अंगांनी उभा राहिला, म्हणजे तो या लहरींचा काही हिस्सा आपल्याच पानांत जिरवतो. अशा मुलखात पदरी ताकदीची शिल्लक अशी फारशी नसते. म्हणून संचाच्या निगेतील लहानशी हयगयही येथे तत्काळ जाणवते.

मी हे ऐकीव ज्ञानावर लिहीत नाही. या भागातील एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात बिनतारी संचांची देखभाल मी पाहत असे. ज्या काळी मोबाईलचे नाव निघाले नव्हते, त्या काळी कोणत्या गटात तोडणी थांबली, कोणत्या रस्त्यावर बैलगाड्या अडकल्या, गव्हाणीवर किती तासांचा ऊस शिल्लक आहे, हे सारे वर्तमान गट ऑफिसांतून मुख्य कचेरीस येई ते या संचांवरूनच. ऐन गळीत हंगामात एका गट ऑफिसचा संच विजेने जळाला. नवा आला, तो बसवला. बटण दाबताच तांबडा दिवा लागे, मापकाचा काटा पुरता चढे, ॲन्टेना निर्दोष होती, वारंवारतेचे आकडे परवान्याबरहुकूम होते, आणि तरीही मुख्य कचेरीत एक अक्षर उमटत नसे.

कारण अगदी क्षुद्र होते. एका संचाचा आवाज घेऊन तो पुढे पाठवणारा मधला संच, म्हणजे रिपीटर, वाटेल त्याचा आवाज पुढे पाठवत नाही; बोलण्याच्या खाली, कानास सहसा न कळणारा, 67 ते 250 हर्ट्झच्या दरम्यानचा एक ठरावीक मंद सूर त्यास ऐकू आला, तरच तो आपले द्वार उघडतो. गडाच्या दरवाज्यावरील परवलीचा शब्दच तो. कंत्राटदार पेढीचा जो मनुष्य पूर्वी संच भरून, म्हणजे प्रोग्रॅम करून, गेला, तो हा शब्द आपल्या फ्लॉपीवर घेऊन गेला होता. कारखान्याच्या दप्तरी परवाना होता, खरेदीची पावती होती, संचांचे अनुक्रमांक होते, परंतु त्या सुराचा आकडा कोठेही नोंदलेला नव्हता. अखेर एका चालू संचाचे झाकण उघडून, पलीकडच्यास बटण दाबून मुका राहावयास सांगून, ग्राहक भागातून निघणारा तो सूर आम्ही फ्रिक्वेन्सी काउंटरवर मोजला, तेव्हा कोठे ते गट ऑफिस बोलू लागले.

आजचे संच अधिक गुणवान आहेत, पण त्यांचे परवलीचे शब्दही त्या मानाने वाढले आहेत. डिजिटल संचात कलर कोड, टाइम स्लॉट आणि ग्रुपचा क्रमांक यांपैकी एक चुकला की संच जिवंत दिसतो व मुका राहतो. साध्या संचांतही एकाची वाहिनी 25 किलोहर्ट्झ रुंद व दुसऱ्याची 12.5 ठेवली, तर एकाचा आवाज फाटतो व दुसऱ्याचा दबका येतो. शिवाय जुन्या संचांत हे आकडे भरणारी काही सॉफ्टवेअरे जुन्याच, मंद गतीच्या संगणकांवर चालतात. तो संगणक निरुपयोगी म्हणून लिलावात निघाला की धडधाकट संचही कायमचे जैसे थे राहतात. लिलावाच्या यादीवर सही करणाऱ्यास याची कल्पना असणे दुरापास्तच!

राहिली रोजची निगा. ॲन्टेनाच्या केबलीत सांध्यातून पाणी शिरते, आतील तांब्याची जाळी काळवंडते, आणि शक्ती माघारी फिरू लागते; एसडब्ल्यूआर मापकावर 2 हा आकडा दिसला, म्हणजे शेकडा 11 भाग परतला असे समजावे. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा थर, न भरलेले ऊर्ध्वपातित पाणी, ही कामे कोणा अभियंत्याची नव्हेत. परंतु ती कोणा एकाच्या नावे लिहिलेली नसली, तर ती कोणाचीच राहत नाहीत.

एवढ्या बारकाव्यांनी आपणांस शिणवण्याचे कारण या तालुक्यांच्या सीमांत आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत सराटीस येते व नीरा ओलांडून अकलूजकडे सोलापूर जिल्ह्यात जाते; लाखभर माणसे एका ठिकाणी जमली की मोबाईल हाती असून नसल्यासारखा होतो आणि बंदोबस्ताची भिस्त बिनतारीवर येते. उजनीचा जलाशय तर पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांना स्पर्श करतो. 21 मे 2024 च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली व सहा जण मृत्यू पावले. एक तीर एका जिल्ह्याचा, दुसरा दुसऱ्याचा. सप्टेंबर 2019 मध्ये नाझरे धरणाच्या विसर्गाने कऱ्हा नदीस पूर येऊन बारामतीची नदीकाठची वस्ती हलवावी लागली. मे 2025 मध्ये नीरा डावा कालवा पिंपळीनजीक फुटला. पाणी सोडणारे खाते एक, माणसे हलवणारे दुसरे, आणि पाणी जिल्ह्याची हद्द विचारीत नाही.

म्हणून विनंती नव्या संचांची नाही. बारामती व इंदापूरकडील प्रत्येक ठाण्यात, तेथील संचांत काय काय भरलेले आहे याचा छापील तक्ता आणि प्रोग्रॅमिंगच्या फाइलची प्रत, दोन्ही तारखेनिशी ठेवली जावीत. संच बदलला अथवा फेरभरणी झाली की त्याच दिवशी तक्ता बदलावा, आणि तो बदलणाऱ्याची सही असावी. यावर गोपनीयतेचा आक्षेप निघेल, व तो अगदीच गैरवाजवी नव्हे; परंतु सीलबंद लखोटा कडीकुलपात ठेवण्याची रीत आपल्या खात्यास नवी नाही, आणि कूटबद्धतेच्या किल्ल्या त्या लखोट्यातून वगळता येतील. फक्त पुण्याच्याच कपाटात असलेली माहिती पुराच्या रात्री इंदापुरात असून नसल्यासारखी.

दुसरी विनंती अशी की, पुणे ग्रामीण, सोलापूर ग्रामीण व अहिल्यानगर येथील पोलीस आणि पाटबंधारे खात्याचे अधिकारी यांच्या संचांत, रिपीटरविना थेट बोलता येईल अशी एक सामाईक वाहिनी, सर्वत्र एकाच क्रमांकावर, एकाच सुरासह आणि एकाच रुंदीची भरून घेण्याची तजवीज व्हावी. पाटबंधारे खात्यास संच देण्यात परवान्याच्या अडचणी असतील, तर निदान धरणावरील व कालव्यावरील नियंत्रण कक्षांत पूरकाळापुरता आपला एक संच व एक माणूस बसवावा.

आणि या वाहिनीची परीक्षा कचेरीत बसून होऊ नये. ज्येष्ठात पालखी देहूहून निघण्यापूर्वी एके दिवशी सराटीस नीरेच्या दोन्ही तीरांवर, आणि मग कळाशी व कुगाव येथे जलाशयाच्या काठांवर, दोन जिल्ह्यांचे दोन अंमलदार उभे करावेत. जो संच मुका राहील त्याचा अनुक्रमांक, दोष आणि दुरुस्तीची तारीख त्याच तक्त्यावर चढवून त्याची एक प्रत इंदापूरच्या तहसीलदारांकडे धाडावी. या कामी आमच्यासारख्या निवृत्त तंत्रज्ञांची मदत लागल्यास केबलीचे सांधे तपासावयास आम्ही येऊ; संचांत काय भरलेले आहे, ते आम्हांस दाखवण्याची गरज नाही.

कळावे.

आपला,
बारामतीचा एक रहिवासी