पुरुषाने तोंडाला काय लावावे?

गाण्याच्या मास्तराने चेहऱ्याच्या कातडीविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून पुरुष आरशापुढे दाढीपुरत्या वेळेहून अधिक रेंगाळला की ‘बायकी थेर’ हा शेरा ठरलेला. तो शेरा मीही मारला आहे, म्हणूनच हे लिहावयास बसलो.

माझा एक विद्यार्थी आहे, एकोणीस वर्षांचा. रंगाने सावळा, आवाज मात्र लखलखीत. घरची वडीलधारी मंडळी पाहुण्यांशी त्याची ओळख करून देत ती ‘काळा आहे, पण गातो छान’ अशी. तो ‘पण’ मी कितीदा ऐकला आणि कधी कोणास हटकले नाही. एके दिवशी त्याच्या कानशिलाजवळ मलमाचा पांढरा पट्टा राहिलेला दिसला. मी सर्वांदेखत म्हणालो, “काय रे, नाटकात काम धरलेस वाटते?” पोरे हसली. तोही हसला. चार महिन्यांनी तो शिकवणीस येईनासा झाला. घरी गेलो तर स्वारी पडदे ओढून बसलेली. गाल लालबुंद, त्यांवर बारीक शिरांचे जाळे आणि फोड. “गुरुजी, उन्हात गेलो की आग होते,” एवढेच बोलला.

औषधाच्या दुकानातून कोणाच्याशा सांगण्यावरून त्याने एक ट्यूब आणली होती. तीत स्टेरॉइड होते. अशा मलमाने पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, आणि माणूस खूश होऊन लावीतच राहतो. पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, फोड येतात. घाबरून लावणे बंद करावे तर चेहरा पूर्वीहून अधिक पेटतो, म्हणून पुन्हा ट्यूबच हाती घ्यावी लागते. त्यातून सुटका चर्मरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी. अशी मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ साली केला. पण पोराला घरात विचारण्याची लाज वाटते आणि दुकानात वाटत नाही, तेथे नियम काय करणार?

तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही आमच्या गावची जुनी समजूत. बाहेरगावचे गवई मोठ्या भाविकतेने ती पाने चघळून जात, आणि आम्ही गावकरी मनातल्या मनात हसत असू. गोरेपणाच्या मलमांना मात्र हसत नाही. पुरुषांसाठी म्हणून निराळे मलम २००५ साली बाजारात आले, तेव्हा लग्नाळू मुलांच्या घरी त्याचे स्वागतच झाले. वस्तुतः सावळेपणा हा रोग नव्हे. कातडीतल्या ज्या रंगद्रव्याने माणूस सावळा दिसतो, तेच तिला उन्हापासून काही अंशी राखते.

कातडीची खरी जात रंगावरून ओळखता येत नाही. तोंड साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे, काही न लावता तासभर स्वस्थ बसावे आणि मग पाहावे. सगळा चेहरा तकतकला तर तेलकट. ओढल्यासारखा वाटला तर कोरडा. कपाळ, नाक व हनुवटी चकाकून गाल कोरडेच राहिले तर मिश्र. काहींना मात्र साध्या साबणानेही चुरचुरते; त्यांनी सुगंधी वस्तूंपासून दूरच राहावे. पुरुषाच्या कातडीत तेल स्त्रीपेक्षा सहसा अधिक असते आणि ती जाडही असते, पण म्हणून सर्व पुरुष एका जातीचे ठरत नाहीत. वर्गातल्या सगळ्या पोरांना मी काळी एकच्या पट्टीत गायला बसवले तर निम्म्यांचे गळे बसतील.

हे मला स्वतःच्या तोंडावरून कळायला हवे होते. आमचे अण्णा तरुणपणी दरबारात गात. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे त्यांना पाहिले ते म्हातारपणीच. पण बैठकीची तयारी तेव्हाही तीच होती. ऊन पाण्यात पिळलेला पंचा गालांवर धरायचा, केस मऊ झाले की वस्तरा केसांच्या दिशेने फिरवायचा, तुरटी ओझरती लावून धुवून टाकायची आणि शेवटी दुधाची साय चोळायची. ही साय त्यांच्या कोरड्या कातडीला मानवे. सोळाव्या वर्षी मीही ती चोळली आणि तोंडभर पुटकुळ्या उठविल्या! माझी कातडी आईची, तेलकट. त्यावर एका मामांनी लिंबू चोळायला सांगितले. लिंबाच्या रसावर ऊन लागले की कातडी भाजल्यासारखी होते, हे मामांना ठाऊक नव्हते, मला झाले.

आमच्याकडची हवाही विचित्र. मे महिन्यात लू, आणि डिसेंबरात समारोहाच्या रात्री मांडवात बसलो की ओठ फुटतात. कोरड्या कातडीच्या माणसाने त्या दिवसांत कढत पाणी व मुलतानी माती वर्ज्य करावी आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलई लावावी. तेलकटाने दिवसातून दोनदा तोंड धुतले की पुरे. पुनःपुन्हा घासण्याने कातडी चिडते. त्याने खोबरेल तेल चेहऱ्यापासून दूर ठेवावे. उन्हात हिंडणाऱ्याने मात्र, कातडी कोणत्याही जातीची असो, तीस किंवा अधिक एस.पी.एफ.चे मलम लावावे, आणि बाहेरच राहायचे असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. दाढीचे केस आत वळून गाठी होत असतील त्यांनी अगदी घोटून दाढी करण्याचा हट्ट सोडावा.

त्या मुलाच्या औषधोपचाराला आठ महिने लागले. मी त्याची माफी मागितली, तर तोच अवघडून गेला. आता तो पुन्हा येतो. मालकंस चालू आहे. सायकलवरून येताना टोपी घालतो, आणि आला की कोपऱ्यात जाऊन आधी तोंड धुतो. तोवर बाकीच्या पोरांना मी तंबोरे जुळवायला लावतो. परवा त्याच्या आत्याबाई वर्गात डोकावल्या आणि म्हणाल्या, “आता बरा उजळलाय हो!” मी म्हटले, “आत्याबाई, तो बरा झालाय.” त्यांना फरक कळला नसावा. पेटीवर सूर धरून मी त्याला आलाप सुरू करायला सांगितले.