परसातलं गावरान टोमॅटो : बी कोणाच्या हाती?

ऑगस्ट २०२१ मध्ये टोमॅटोला घाऊक बाजारात किलोला दोन-तीन रुपये मिळू लागले, तेव्हा नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो किरकोळीत किलोला शंभराच्या वर गेला. दोन्ही वेळी भावाची चर्चा पुष्कळ झाली, बियाण्याची फारशी नाही.

मळ्यासाठी संकरित वाण ठीकच आहे. त्याचं जाड सालीचं फळ लांबच्या वाहतुकीत टिकतं. पण त्याचं बी धरून लावलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरसाल पुडी विकत घ्यावी लागते.

गावरान वाणाचं तसं नाही. कुठे त्याला भेदरं म्हणतात, कुठे बेलवांगी. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे घरचं बी वर्षानुवर्षं गुण राखतं. पण फळ पातळ सालीचं, क्रेटमध्ये फुटतं. म्हणून बाजाराने ते टाकलं आणि ते परसात, मोरीच्या पाण्यावर उरलं. तिथेही बी धरणारी म्हातारी गेली, की वाण संपतं. हा तोटा बाजारभावात दिसत नाही.

बी धरणं अवघड नाही. निरोगी झाडाचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गर बियांसकट दोन-तीन दिवस आंबवा, तरंगणारं बी फेका, तळाचं धुऊन सावलीत वाळवा. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना शिवू नका, त्यातून विषाणूरोग लागतो.

कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही, एवढंच. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एक करावं. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील लोक जैवविविधता नोंदवही उघडून पाहावी. तिथे नुसतं 'टोमॅटो' लिहून काम उरकलं असेल, तर ती नोंद अपुरी आहे. कोणतं वाण, कोणाच्या परसात, किती वर्षांपासून, हे घरोघर विचारून लिहावं. शाळेच्या परसबागेत त्याचे दोन वाफे लावावेत. आणि शेतकरी बंधूंनो, घरी अशी चार झाडं असतील, तर एक बियाण्यासाठी राखा. त्याची फळं तोडू नका.