‘दोन’ म्हणजे काय?

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीतली आमच्या घरची गोष्ट आज सांगणार आहे. सांगताना थोडी शरमही वाटते, पण सांगितलीच पाहिजे.

त्याच्या आधी अडीच-तीन महिने आमच्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात नि पाय लुळा पडला आणि वाचा गेली. अगदीच गेली असेही नाही. एक शब्द उरला होता, तो म्हणजे ‘दोन’. पाणी हवे असले तरी ‘दोन’, पंखा बंद करायचा असला तरी ‘दोन’, नातवाला जवळ बोलवायचे तरी ‘दोन, दोन’. सुरुवातीला आम्ही वेड्यासारखे सगळे दोन-दोन आणायचो. दोन बिस्किटे, दोन उशा!

गणपतीच्या दिवशी आरती सुरू झाली. आई खुर्चीत बसलेल्या. दुसऱ्या ओळीपासून त्यांनी सूर लावला आणि शेवटपर्यंत एकही शब्द न चुकता खणखणीत आरती म्हटली. टाळ्या थांबल्या, सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. आणि आमच्या चुलत सासूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “बघा, येतंय की बोलायला! काम टाळायचं म्हणून सोंग घेतलंय नुसतं.” आईंचे डोळे भरून आले. त्यांनी हात हलवून काही सांगायचा प्रयत्न केला, तर तोंडातून बाहेर आले ते ‘दोन, दोन’.

खरे सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी मी!

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही नागापूरहून नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेची सवय जात नाही) एका स्पीच थेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी पहिल्यांदा आम्हाला या दुखण्याचे नाव सांगितले. वाचाघात. इंग्रजीत अफेजिया. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला तो होतो. डोक्याला मार बसला किंवा मेंदूत गाठ झाली तरी होऊ शकतो. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात सांभाळली जाते आणि उजव्या अंगाची हालचालही तोच भाग चालवतो. म्हणून उजवे अंग लुळे पडलेल्यांमध्ये वाचाघात जास्त दिसतो. जीभ, घसा, कान यांचा यात दोष नसतो. मनात असलेली गोष्ट शब्दांत बांधायची जी सोय असते, तिला धक्का लागलेला असतो.

आम्ही आईंच्या डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली होती, की बोलता येत नाही तर लिहून तरी सांगतील. त्यांनी दोन रेघोट्या मारल्या आणि पाटी ढकलून दिली. “राग आला त्यांना,” असे मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “राग नाही, लाज वाटली. भाषाच अडली आहे, तर ती हातातून तरी कशी येणार?” बहुतेकांचे बोलण्याबरोबर लिहिणेही अडते, वाचनही कमी-जास्त बिघडते.

मग आरती कशी म्हटली? हे कोडे काही आजचे नाही. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन नावाच्या गृहस्थांनी अशाच एका माणसाबद्दल लिहून ठेवले आहे. उजवे अंग गेलेले, बोलणे बंद, पण आजारापूर्वी पाठ असलेली प्रार्थनागीते तो म्हणू शके. वार, महिने, एक ते वीस आकडे, पाढे, देवाचे नाव आणि (हसू नका) शिव्यासुद्धा अशा माणसांच्या तोंडून सहज येतात. मी त्याचा अर्थ असा लावते. पाठ असलेली आरती म्हणजे ओवलेली माळ. एक मणी ओढला की मागचे सगळे येतात. ‘मला पाणी दे’ हे मात्र सुटे मणी, ते दर वेळी नव्याने ओवावे लागतात, आणि दोरा तिथेच तुटला आहे. गाण्याच्या आधाराने बोलते करण्याची एक पद्धत १९७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडली. काहींना तिचा उपयोग होतो. पण त्यात सूर किती, ठेका किती आणि पाठांतर किती, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. तेव्हा रोज आरती म्हणवून घेतली की बोलणे येईल, असे समजू नका. आम्ही महिनाभर तेच केले.

‘दोन’चाही खुलासा झाला. १८६१ साली पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रुग्ण पाहिला. तो एकवीस वर्षे तिथे होता आणि कशालाही ‘तान, तान’ एवढेच म्हणे. लोक त्याला ‘तान’च म्हणत. बोललेले त्याला बरेचसे समजे, हातवारे करून तो उत्तरे देई, आपले म्हणणे पोचले नाही की चिडे. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. मेंदू आणि भाषा यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास खरा तिथून सुरू झाला. हे ऐकले आणि मी घरी येऊन ‘दोन’ हा शब्द ऐकायचे सोडून दिले. त्याचा सूर ऐकायला लागले. लांबवलेला ‘दोऽन’ म्हणजे विनवणी, तुटक ‘दोन’ म्हणजे पुरे, चढा ‘दोन?’ म्हणजे कोण आले. बाई गं, इतके दिवस त्या बोलतच होत्या!

याची दुसरी एक तऱ्हा आहे, ती जास्त फसवी. त्यात माणूस भरभर बोलतो, पण शब्दांना अर्थ नसतो, आणि समोरच्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी १८७४ साली तिचे वर्णन केले. अशा बाईला आपल्याकडे वेड लागले म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा म्हणून देवऋषाकडे नेतात, आणि उपचाराचे दिवस फुकट जातात.

आता माझी चूक. आईंना हळूहळू ‘हो’ आणि ‘नाही’ येऊ लागले, म्हणून आम्ही खूश. पुढे आठवडाभर त्या रात्री झोपेनात. मी विचारी, “दुखतंय का कुठे?” त्या म्हणत, “नाही.” डॉक्टरांनी विचारले, तरी “नाही.” आठव्या दिवशी कूस बदलताना त्या कळवळल्या, तेव्हा लक्षात आले की लुळ्या हाताचा खांदा सुजला आहे. त्यांना म्हणायचे होते ‘हो’ आणि तोंडातून येत होते ‘नाही’. वाचाघातात ही अदलाबदल फार होते. तेव्हापासून आम्ही दोन्ही बाजूंनी विचारतो. आधी “दुखतंय?” मग “बरं आहे?” आणि एका पुठ्ठ्यावर हसरा चेहरा, दुसऱ्यावर रडका चेहरा काढून ठेवला आहे, त्यावर त्या बोट ठेवतात. औषध, दुखणे आणि पैसे या तीन बाबतींत नुसत्या तोंडच्या होकारावर जाऊ नका. सही-अंगठ्याच्या कागदांबाबत तर नाहीच.

शब्द वाढले तसे व्याकरण अडखळू लागले. “भाजी झाला”, “सूनबाई आला” असे बोलणे. मी पडले मराठीची शिक्षिका. पाहुण्यांसमोर दुरुस्त करायची, “आई, झाला नाही, झाली.” दोन दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे थेरपिस्टबाईंकडून कळले, की १९९० साली लीझ मेन आणि लोरेन ओब्लर या दोन विदुषींनी १४ भाषांतल्या अशा रुग्णांच्या बोलण्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजीत प्रत्यय गाळून नुसता शब्द उरतो, तो चालून जातो. पण ज्या भाषांत प्रत्ययाशिवाय शब्दच उभा राहत नाही, तिथे रुग्ण प्रत्यय गाळत नाहीत, चुकीचा लावतात. आईंचे ‘भाजी झाला’ त्यातलेच! त्या चौदांत हिंदी आहे, मराठी नाही. याचे मला वाईट वाटले. आपली तीन लिंगे, आपली सामान्यरूपे, यांवरचे सराव इंग्रजी पुस्तकातून उतरवून कसे चालतील?

नगरमध्ये तेलुगू बोलणारी पद्मशाली समाजाची पुष्कळ घरे आहेत, नागापूरच्या एमआयडीसीत तर देशभरातली माणसे. अशा घरांनी थेरपिस्टला सगळ्या भाषा सांगाव्यात. घरात कोणती, बाजारात कोणती, शाळा कोणत्या भाषेत झाली. पुष्कळांच्या भाषा बरोबरीने परत येतात, पण काहींची एकच आधी येते. ती कुठली, यावर १९व्या शतकापासून वाद आहेत.

टोरांटोच्या आउरा केगन यांनी या माणसांशी कसे बोलावे, याचे शिक्षण बोलणाऱ्यांनाच द्यायला सुरुवात केली. रुग्णाला नव्हे, आपल्याला! २००१ साली त्यांनी दाखवले, की असे शिकलेल्या स्वयंसेवकांशी बोलताना रुग्णांचा संवादही सुधारतो. त्यातली पहिली पायरी मला फार आवडली. अडखळणाऱ्याला आधी सांगायचे, की तुम्हाला सगळे ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. मी रोज सांगते, “आई, तुम्हाला कळतंय, फक्त शब्द येईना झालाय.” मग टीव्ही बंद करायचा, समोर बसायचे, एका वेळी एकच गोष्ट छोट्या वाक्यात विचारायची. ओरडायचे नाही, त्या बहिऱ्या नाहीत. “काय भाजी करू?” असे न विचारता मेथी आणि वांगी दोन्ही पुढे धरायची. आणि गप्प राहायचे. मनात वीस मोजेपर्यंत. हे सगळ्यात कठीण आहे बरं का, आपल्याला वाक्य पुरे करून द्यायची भारी घाई असते. एका वहीत मी घरातल्यांचे फोटो, गावांची नावे, देव, भाज्या, औषधे चिकटवली आहेत. ती सतत त्यांच्या डाव्या हाताशी असते.

सहा महिने झाले की सुधारणा थांबते, असे आम्हाला एकाने सांगितले होते. ते तितकेसे खरे नाही. सुरुवातीला सुधारणेचा वेग जास्त असतो एवढेच. २०१७ साली जर्मनीत दीडशेवर रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांच्या झटक्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेला. तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा त्याहून जास्त उपचार दिले, तर त्यांचे रोजचे बोलणे सुधारले. दहा तास आपल्याला कुठले परवडायला! आम्ही आठवड्यातून एकदा जातो आणि बाकी सराव पोळ्या लाटता लाटता. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आणि म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून या कामात आहेत. एकदा तिथे नीट तपासणी करून घेता येते. २०१६च्या दिव्यांग कायद्यात वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा बोलणे कायमचे अधू झाले असेल तर प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी अर्ज जरूर करा. आमच्या ह्यांना वाटत होते, की ते फक्त हातापायाच्या अपंगत्वाला मिळते.

आणखी एक, घाईचे. घरात कुणाची वाचा अचानक अडखळली, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, तर आधी घड्याळ बघा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही मेंदूचा स्कॅन झाल्यावर. चहा-पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाते. कांदा हुंगवत बसू नका. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

आई आता पुष्कळ बोलतात. “मीठ कमी”, “दार लाव”, “नातू आली”. मी दुरुस्त करत नाही. चुलत सासूबाई परवा येऊन तासभर बसल्या आणि वहीतले फोटो पाहत दोघी हसत होत्या. पण घाई झाली की आईंच्या तोंडातून जुनाच शब्द निघतो. काल मी गच्चीवर वाळवण पसरत होते. खालून स्वयंपाकघरातून “दोन! दोन! दोन!” अशी चढती हाक आली. मी धावत खाली आले. दूध उतू जात होते.