पेटी आली, पुढे काय?

दिवाळीच्या सुटीत मी बडोद्यास आत्याकडे गेले होते. ती तेथे माध्यमिक शाळेत गणित शिकविते. 'दीक्षा', गूगल क्लासरूम सारे काही तिच्या हाताशी आहे. परंतु त्यांचा उपयोग काय? गृहपाठ पाठविणे आणि सूचना देणे, एवढाच! कारण विचारले तर म्हणाली, "अगं, फळ्यापाशी उभी राहिले की कोणाला उमगले नाही ते चेहऱ्यावरून कळते. पडद्यावर नुसती नावे दिसतात."

कोणी याला जुनाट वृत्ती म्हणेल. मला ते पटत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा हीच आत्या चार दिवसांत हे तंत्र शिकली. आणि तेही स्वतःच्या मुलाकडून! शिकविणारे दुसरे कोणी नव्हते. आजही त्यासाठी वेळापत्रकात एक तास मोकळा नाही.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ग्रंथालये उभारली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. पण त्याचबरोबर ग्रंथपाल तयार करणारा वर्गही निघाला. पेटी उघडून देणारा जाणता माणूस नसेल, तर ती कोपऱ्यात पडून राहते, हे त्यांनी ओळखले होते.

आजची पेटी पडद्याची आहे, एवढाच फरक. मित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होणार. 'तुम्ही हे किती वापरता?' असा जाब शिक्षकाला विचारण्याआधी 'तुम्हाला काय हवे?' असे कोणी विचारील काय?