उपयोगाचा हिशेब उशिरा मांडा

मुलाने आडवाटेचा विषय निवडला की घरात पहिला प्रश्न येतो : ‘याचा उपयोग काय?’ सरकारही संशोधकांना हेच विचारते.

पॉल डिरॅक यांनी १९३१ मध्ये निव्वळ गणिताच्या आधारे धनभारित इलेक्ट्रॉनचे भाकीत केले. पुढच्याच वर्षी कार्ल अँडरसन यांना तो विश्वकिरणांत सापडला. तोच पॉझिट्रॉन. इलेक्ट्रॉनशी गाठ पडली की दोघेही नाहीसे होतात, उरतात गॅमा किरण. अशा अल्पायुषी कणाचा उपयोग तेव्हा कोण सांगणार?

आज या कणांचा वेग कमी करून त्यांची शलाका पदार्थावर सोडतात. धातूत किंवा सिलिकॉनमध्ये जिथे एखादा अणू गळालेला असतो, त्या पोकळीत पॉझिट्रॉन अडकतो. मग निघणारे गॅमा किरण त्या पोकळीची खबर देतात. काही पॉझिट्रॉन पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनला सोबत घेऊन बाहेर पडतात. प्रोटॉनविना बनलेला हा अणू म्हणजे पॉझिट्रोनियम. १९५१ मध्ये मार्टिन डॉइच यांनी तो शोधला. निर्वात जागेत त्याचा टिकाऊ प्रकारही सरासरी सेकंदाचा सुमारे ७० लाखावा हिस्साच जगतो. तरीही २०२४ मध्ये ‘सर्न’मधील शास्त्रज्ञांनी तो लेसरने थंड करून दाखवला.

याचा उपयोग? आज सांगता येणार नाही. पण कर्करोगाचा माग काढणारे ‘पेट स्कॅन’ पॉझिट्रॉनवरच चालते, आणि डिरॅक काही रुग्णालयासाठी गणित मांडत नव्हते. म्हणून संशोधनाला पैसा देताना आणि मुलाला विषय निवडू देताना उपयोगाचा हिशेब जरा उशिराच मांडावा.