पुढाऱ्याच्या कॅलेंडरला भिंत आहे, लेकराच्या चित्राला का नाही?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ज्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून मुलूख जगवला, त्यांचा इतिहास दालनांत मांडला गेला. हे व्हायलाच हवे होते.

पण आमचा प्रश्न आसपासच्या तांड्यांतल्या आणि वस्त्यांतल्या घरांबद्दल आहे. आजीच्या फेटिया-कांचळीवरचे आरसे आणि कवड्या आज कलेचा वारसा म्हणून मिरवतात. त्याच आजीच्या नातीने वहीच्या मागच्या पानावर काढलेला बैल मात्र चूल पेटवायला जातो. कला जुनी झाल्यावरच तिचा मान करायचा काय?

आपल्या घरांतल्या भिंती जरा बघा. देव, महापुरुष, लग्नातला फोटो आणि पुढाऱ्याचे कॅलेंडर. निवडून आल्यावर वस्तीत न फिरकलेला माणूस बारा महिने आपल्या भिंतीवरून हसतो, आणि लेकराच्या चित्राला तिथे वीतभर जागा नसते. भिंतीवर कोण असावे, हे ठरवणे म्हणजे घरात कुणाची किंमत आहे, हे ठरवणे.

"पोटाला भाकर नाही आणि तुम्हाला चित्रांचे पडले आहे," असे आम्हाला कुणी म्हणेल. भाकरीची लढाई सुटत नाहीच. पण समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटले, ते पैशाइतकेच पिढ्यान्‌पिढ्या वारशाने मिळते. सुखवस्तू घरातले पोर 'माझे म्हणणे ऐकण्यासारखे आहे' हा विश्वास घरूनच घेऊन शाळेत येते. आपले पोर तो शाळेत शोधते, आणि तिथे अनेकदा त्याच्या वाट्याला शेवटचा बाक येतो.

१८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'ने तो छापला, म्हणून आज आपण तो वाचतो. शाळकरी पोरीचे खरडणे म्हणून तो कागद रद्दीत गेला असता, तर? लेकराचे काम चारचौघांसमोर मांडणे ही आपल्याकडची जुनी, मोलाची रीत आहे.

आता खर्चाचे बोलू. काचेची फ्रेम लागत नाही. खिळ्याला खिळा सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रे लटकवा. कुडाची भिंत पावसाळ्यात ओल धरते, पत्रा उन्हाळ्यात तापतो; म्हणून कागद भिंतीला न चिकटवता सुतळीवर ठेवलेला बरा. पिठाची खळ लावली तर उंदीर-झुरळे येतात. जुन्या कॅलेंडरची पत्र्याची पट्टी उघडून तीत चित्र दाबून बसवा. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद आणि शिंप्याकडच्या चिंध्या यांची चौकट होते. स्केचपेनचे रंग उन्हाने उडतात, तेव्हा दारासमोरची जागा टाळा.

दर पौर्णिमेला चित्रे बदला. कोणते लावायचे, ते लेकरालाच ठरवू द्या. आई-बापाने 'चांगले' निवडू नये. मागे नाव आणि तारीख लिहा. उतरवलेली चित्रे खोक्याच्या पुठ्ठ्यांमध्ये घालून पत्र्याच्या पेटीत ठेवा. ऊसतोडीला जाताना दोन-तीन सोबत घ्या. कोपीतही दोन बांबूंमध्ये सुतळी बांधता येते. ज्या लेकराचे गाव वर्षातून दोनदा बदलते, त्याला स्वतःची म्हणता येईल अशी एक तरी भिंत हवी.

आणखी एक. जयंतीच्या चित्रकला स्पर्धेत सगळी पोरे एकाच फोटोची नक्कल करतात, आणि ज्याची नक्कल हुबेहूब त्याला बक्षीस मिळते. नक्कल हवी तर झेरॉक्सचे दुकान आहे. पोराने काढलेले बाबासाहेब फोटोसारखे दिसत नसतील, नाक वाकडे असेल, कोट हिरवा असेल. ते चित्र फोटोच्या शेजारी बिनधास्त लावा. त्यात बाबासाहेबांचा अपमान नाही. लेकराने स्वतःच्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिल्याचा तो पुरावा आहे.

तेव्हा या आठवड्यात एकच करा. पुढाऱ्याचे कॅलेंडर उतरवा. तारीख मोबाईलवरही दिसते. मोकळ्या झालेल्या खिळ्याला सुतळी बांधा आणि पोरांना विचारा, पहिले चित्र कोणते लावायचे?