बैलाचा खूर पाहता, मग गाडीचा टायर का नाही?

शेतकरी बंधूंनो, पोळ्याच्या आधी आपण बैलाचा खूर पाहतो. नाल झिजली असेल तर वेळेत ठोकून घेतो. लंगडणाऱ्या बैलाला कोणी चिखलणीला जुंपत नाही. पण आता अनेकांच्या अंगणात बैलजोडीच्या जागी चार मीटरच्या आतली, थोडी उंच बांध्याची गाडी उभी असते. कोणी कर्ज काढून नवी घेतली, तर कोणी नागपुरातून जुनी आणली. लग्न, दवाखाना, बाजार समिती, मुलीचे कॉलेज या सगळ्यांना हीच गाडी धावते. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण लिंबू ठेवताना त्याच चाकाचा टायर किती झिजला आहे, हे किती जण वाकून पाहतात?

हे लिहिण्याचा अधिकार मला माझ्याच चुकीने दिला आहे. मागच्या आषाढात घरच्यांना घेऊन लाखांदूरहून साकोलीकडे येत होतो. पाऊस रिमझिम होता, वेग फार नव्हता. रोवणीचे दिवस. समोर एक ट्रॅक्टर बांधीतून निघून रस्त्यावर आला. ब्रेक दाबला आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी घसरत गेली. रस्ता सोडून, धुरा ओलांडून ती थेट नुकत्याच रोवलेल्या बांधीत जाऊन थांबली. मागच्या सीटवर माझे म्हातारे वडील आणि सहा वर्षांची मुलगी होती. कोणाला खरचटलेही नाही, हे नशीब. तिथे धुऱ्याऐवजी झाड किंवा पुलाचा कठडा असता तर आज हा मजकूर लिहायला मी असतो की नाही, कोण जाणे.

रोवणीच्या बाया धावून आल्या. बांधीच्या मालकाने आधी मुलीला उचलून बाहेर घेतले, मग टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, आमाले बियानं तपासून घ्या म्हणता जी, अन् सोताच्या गाडीचे टायर नाई पाह्यले काय?" मला उत्तर देता आले नाही. दोनच महिन्यांपूर्वी पंक्चरवाल्याने सांगितले होते, "गोटा झाले, बदलून टाका." मी म्हटले, दिवाळीनंतर पाहू. हवा टिकते ना, गाडी चालून राहिली ना, मग काहून घाई? आपण सगळे असाच विचार करतो.

टायरवरच्या नाल्या शोभेसाठी नसतात. बांधीत साचलेले पाणी काढायला आपण पाट काढतो. टायरच्या नाल्याही तेच काम करतात. रस्त्यावरचे पाणी त्यांतून बाजूला फेकले जाते आणि रबर डांबराला धरून राहते. नाल्या झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही. मग चाक रस्त्यावर न राहता पाण्याच्या थरावर तरंगते. अशा वेळी स्टेअरिंगही ऐकत नाही आणि ब्रेकही. कोरड्या रस्त्यावर गोटा टायर ठीक चालतो असे वाटते ते यामुळेच. त्याची परीक्षा पहिल्या पावसात होते.

उन्हाळ्याचा धोका वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त दबतो आणि आतून तापतो. वर रस्ता तापलेला, गाडीत सात माणसे, टपावर सामान. झिजलेला टायर अशा वेळी फुटतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि 2023 मध्ये परिवहन खात्याला तिथे टायरची तपासणी सुरू करावी लागली. झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरच रोखल्या गेल्या. शिर्डीला निघालेल्या आपल्याकडच्या लोकांना तेव्हा राग आला असेल. पण तो अडवणारा माणूस आपल्या हिताचेच करत होता.

आता तपासायचे कसे? त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. टायरच्या नाल्यांमध्ये जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. वरचे रबर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला असे समजावे. कायद्यानेही मोटारीच्या टायरची नाली किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. पावसात मात्र एवढ्यावर विसंबू नये, 3 मिलिमीटरच्या आसपास आले की पैशांची तजवीज सुरू करावी. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. 2419 लिहिले असेल तर तो टायर 2019 सालच्या 24 व्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षे झाली की नाल्या शिल्लक असल्या तरी दरवर्षी जाणकाराला दाखवावा, कारण रबरही म्हातारे होते. बाजूला फुगवटा किंवा खोल चीर दिसली तर वय आणि नाल्या काहीही असोत, तो टायर काढून टाकावा. जुनी गाडी घेताना मीटरच्या आकड्याआधी हे चार आकडे वाचावेत.

झीज कशी झाली तेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहत होती, मधला भाग झिजला तर हवा जास्त होती, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडले आहे. हे दुरुस्त न करता नवे टायर घातले तर तेही तसेच खराब होतील. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. ती सकाळी टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. दर 8 ते 10 हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करावी आणि स्टेपनीला विसरू नये. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावावेत. लोक पुढे लावतात, पण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे कठीण जाते.

खर्चाचे म्हणाल तर अशा गाडीचे चार टायर साधारण वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातात. 2025-26 च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. म्हणजे दहा क्विंटल धान. रक्कम लहान नाही, हे मी जाणतो. चुकारा केव्हा येईल, बोनस मिळेल की नाही, यावर आपला प्रत्येक खर्च अडकलेला असतो. म्हणूनच सांगतो, टायरला बोनसवर ठेवू नका. खत-बियाण्यासारखा त्याचाही वाटा दर हंगामात थोडा थोडा बाजूला काढा. 22 सप्टेंबर 2025 पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा 18 वरून 5 टक्के झाला आहे. पक्के बिल घ्या आणि तो फायदा आपल्याला मिळाला की नाही ते पाहा.

टायरसोबत बाकीचेही पाहावे. मृगाआधी ब्रेक आणि वायपर, उन्हाळ्याआधी कूलंट, मळणीच्या धुळीनंतर एअर फिल्टर. रस्त्यावर पसरलेल्या तणसावरून गाडी गेली तर थांबून खाली वाकून पाहावे. सायलेन्सरजवळ अडकलेले तणस पेट घेऊ शकते.

गावच्या कारभाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. केजव्हील लावलेले ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येतात, रस्ता उखडतात आणि चिखल टाकून जातात. माझी गाडी त्याच चिखलावर घसरली. टायर माझे गोटा होते, ती चूक माझीच. पण त्या रस्त्यावरून दुचाकीने शाळेत जाणाऱ्या पोरांची काय चूक? सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी रोवणीआधी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. रस्त्यावर येण्याआधी केजव्हील काढावे आणि पडलेला चिखल ज्याचा त्याने खरडावा, एवढा ठराव पुरे आहे. गावातून शाळकरी मुलांना नेणाऱ्या गाड्यांचे टायर जून महिन्यात शाळा समितीने स्वतः पाहावेत. हात फिरवायला कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

त्या शेतकऱ्याची सात-आठ तासे रोवणी माझ्या गाडीने मोडली होती. पैसे देऊ केले तर त्याने घेतले नाहीत. "पऱ्हे शिल्लक आहेत, पुन्हा रोवून घेऊ," म्हणाला. धान पुन्हा रोवता येते, बंधूंनो. गाडीत बसलेल्या माणसांचे तसे नाही. या रविवारी अंगणातल्या गाडीजवळ जा आणि चारही चाकांवर एकदा हात फिरवून पाहा.